बोटभर टाका

“मावशी, असला टाका पोत्याला घालतात, गोधडीला नाही,” मी म्हणाले आणि हसले.

सगुणामावशी काही हसल्या नाहीत. माझ्या नमुन्याच्या फडक्यावर अगदी कोपऱ्यात त्यांनी बोट ठेवलं होतं, ते तिथंच राहिलं.

ते फडकं म्हणजे माझा तोरा होता. दोन हात मांजरपाट घेऊन त्यावर मी माझ्या सगळ्या नक्ष्या लाल दोऱ्यानं भरून ठेवल्या होत्या. शंकरपाळी, लाटा, एकात एक बसणाऱ्या चौकटी, गव्हाच्या ओंब्या, कैऱ्या. शेवटच्या कोपऱ्यात जागा उरली म्हणून नुसत्या सरळ ओळी मारल्या होत्या, बोटभर लांब टाक्यांच्या. त्या बघून बाकीच्या नक्ष्यांची किंमत कळावी, एवढ्यासाठीच. त्या कोपऱ्याकडं आजवर कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. विट्यातल्या आमच्या गल्लीत गोधडीला दोरा भरावा तर मालननंच, असं बायका म्हणायच्या. वरचा पदर त्या आपापल्या घरी तुकडे जोडून तयार करायच्या. मग तो पदर, आत घालायची जुनी लुगडी आणि खालचं अस्तर असं गाठोडं माझ्याकडं यायचं. फडकं पुढं पसरून आम्ही नक्षी ठरवायचो. ठरवायचो म्हणजे मीच ठरवायची. समोरची बाई कैऱ्या म्हणाली आणि मला तिच्या कापडावर लाटा दिसत असल्या, तर चहा होईपर्यंत ती लाटाच मागायला लागायची. माझं तोंड पहिल्यापासून फटकळ, आणि गल्लीत त्याचंही कौतुक. “मालन तोंडावर बोलते, पण खरं बोलते,” असं सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या.

“मला ह्येच पायजे,” सगुणामावशी म्हणाल्या. “सरळ वळी. बोटभर टाका.”

“अहो, पण का?”

“उसवायला बरं पडंल.”

“गोधडी कुणी उसवायसाठी शिवतं का मावशी?”

त्यांनी फडक्यावरचं बोट उचललं. मग धुवायला सोपी जाईल, असं काहीतरी पुटपुटल्या आणि त्यांनी गाठोडं सोडलं.

गाठोडं सुटलं आणि माझं हसू गेलं. वरचा पदर सगळाच्या सगळा शशीच्या शर्टांचा होता.

शशिकांत त्यांचा एकुलता एक. नवऱ्याच्या मागं लोकांची धुणी-दळणं करून वाढवलेला. दोन वर्षांपूर्वी, तो एकोणीस वर्षांचा असताना, मावशींनी त्याला पारावर बिडी ओढताना पकडला. चारचौघांत कानफटात दिली आणि म्हणाल्या, “चालता हो. परत तोंड दाखवू नगंस.” तो अंगावरच्या कपड्यांनिशी चालता झाला. पत्र नाही, निरोप नाही. कुणी म्हणालं सुरतेला बघितला, कुणी म्हणालं कशाला सुरत, नदीला बघा. तेव्हापासून मावशींनी दाराला आतून कडी लावली नव्हती. वाट बघता बघता बाईचं भानच गेलं होतं. आमटीत दोनदा मीठ पडायचं. एकदा तर घागर घरीच ठेवून आडावर आल्या आणि रहाटापाशी उभ्या राहून मला विचारायला लागल्या, “मालन, मी हितं कशाला आले गं?”

आणि आमच्या गल्लीची रीत अशी, की गोधडी करायची ती गेलेल्या माणसाच्या कपड्यांची. जित्याजागत्या माणसाच्या कपड्याला गोधडीसाठी कातर लावत नाहीत. त्यामुळं तो पदर बघून मी समजायचं ते समजले. मावशींनी शेवटी शशीची आशा सोडली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

“बरं केलंत मावशी,” मी म्हणाले.

“काय बरं केलं?”

“काही नाही. ठेवून जा. मी बघते.”

“मालन, हाय तसंच धर. हितलं तिथं काय बी करू नगंस.”

“नाही करत.”

“सरळ वळी.”

“सरळ वळी,” मी मान डोलावली.

त्या गेल्या. मी पदर ओसरीत उजेडाला पसरला, गुडघ्यावर बसले आणि हात फिरवला. बाई गं! जागोजाग गाठी आणि फुगवटे. निळ्या पट्ट्यांचा शर्ट, खाकी, चौकड्यांचा, शाळेतला पांढरा, असे आठ शर्ट शेजारी शेजारी होते, आणि एकाचंही कापड सपाट बसलेलं नव्हतं. उलटा करून पाहिलं तर काय, प्रत्येकाच्या पोटात बाह्या आत दुमडलेल्या, कॉलर आत, खालचा घेर आत. बटणंसुद्धा लावलेली. मला हसावं की रडावं कळेना. कापायचा कंटाळा केला असणार, नाहीतर बाईला कापताच येत नसणार, असं मी मनाशी म्हणाले.

सरळ ओळी घालायच्या असत्या तर ते चालूनही गेलं असतं. बोटभर टाक्याला काय, फुगवट्यातून सुई कशीही पार होते. पण माझ्या डोक्यात शंकरपाळी बसली होती. पट्ट्यांवर तिरपी जाळी, कडेनं दुहेरी चौकट, दाण्याएवढा टाका. गेलेल्या पोराची आठवण बाईनं जन्मभर पांघरायची, आणि ती काय पोत्यासारखी दिसावी? लोकांनी उद्या बघितली तर म्हणतील, हे मालनचं काम? मी शशीचा विचार करत होते असं मला वाटत होतं. खरं तर मी माझाच करत होते. हे मला आज कळतं. त्या दिवशी कळायला हवं होतं.

मी कातर घेतली.

पहिला निळ्या पट्ट्यांचा. मागून दुमड उघडली तर बाहीची घडी इतकी नीट होती, की इस्त्री करून पेटीत ठेवतात तशी. हात थांबला माझा. चुकून राहिलेल्या कापडाची घडी अशी नसते, हे कापडात जन्म घालवलेल्या बाईला सांगायला लागत नाही. पण चार घरं ओलांडून जावं, मावशींना एकदा विचारावं, एवढी सवड मी स्वतःला दिली नाही. विचारलं तर त्या परत सरळ ओळीच म्हणणार, ही भीती होती.

बाह्या गेल्या. कॉलरी गेल्या. खिसे, घेर, सगळं गेलं. हातभर चौकोन तेवढे राहिले, आणि पदर कसा पाण्यासारखा सपाट झाला. बटणं चांगली होती म्हणून काढून घेतली, ती पुढं माझ्या मुलाच्या, सुधीरच्या शर्टांना लावली. चिंध्या बंब पेटवायला झाल्या.

बावीस दिवस बसले होते मी त्या गोधडीवर. आजही म्हणेन, तसं काम पुन्हा माझ्या हातून झालं नाही.

मावशी न्यायला आल्या तेव्हा ओसरीत चार बायका ती बघायला जमल्या होत्या. मावशींनी हात फिरवला. एकदा, दोनदा, परत एकदा.

“लई बारीक टाका घातलास गं.”

“जन्मभर हलायची नाही मावशी. जीव ओतलाय.”

“आन् उसवायची म्हटली तर?”

“उसवायची कशाला?” माझ्या आधी बायकाच म्हणाल्या.

मावशींनी गोधडी छातीशी धरली आणि घरी गेल्या. तोंडभरून कौतुक नाही केलं म्हणून मी चार दिवस धुसफुसत होते.

पुढं चौदा महिन्यांनी, आषाढातल्या एका दुपारी, त्या धावत माझ्या दारात आल्या. त्यांना धावताना मी पहिल्यांदाच बघत होते. बगलेत गोधडी, आणि दुसऱ्या हातानं एका उंच, दाढी वाढलेल्या माणसाचं मनगट धरलेलं.

“मालन! बघ कोण आलंय! वळखलास का?”

शशी होता. गालफडं बसलेली, अंगात कुणाचा तरी ढगळ शर्ट. पहाटेच्या गाडीनं आला होता. मला बघून तो ओशाळं हसला.

मी “अगं बाई!” म्हणून उठले. खरंच सांगते, त्या एका क्षणात मला फक्त आनंद झाला होता. मी आत जाऊन साखरेचा डबा घेऊन आले.

“साखर ऱ्हाऊ दे,” मावशी म्हणाल्या. त्यांनी गोधडी माझ्या पुढ्यात टाकली आणि तिथंच फतकल मारून बसल्या. “उसव आधी.”

“काय?”

“गोधडी उसव. पोराच्या अंगावर दुसऱ्याचा शर्ट हाय. त्याचे समदे शर्ट हायत ह्यात. आठच्या आठ. सकाळपासनं त्याला त्येच सांगतीया.” त्यांचा श्वास पुरत नव्हता, पण बोलणं थांबत नव्हतं. “लोक म्हणायची, गेला. म्हणायची, कपडे काढ, गोधडी कर. मी म्हटलं, करते. पर कातर लावणार न्हाई. एकाला बी न्हाई लावली. नुसत्या घड्या घातल्या आन् कडंकडंनं जोडले. पेटीत ठेवले तर कसर लागंल, आन् खुंटीला बघवत नव्हते. म्हटलं, पांघरून निजावं. पोरगं आलं की उसवून द्यायचे. म्हून तर तुला सांगितलं हुतं, बोटभर टाका घाल.”

हातातला साखरेचा डबा मी खाली ठेवला, तो कसा ठेवला मला आठवत नाही.

“तेव्हा सांगितलं का नाहीत?” मी विचारलं.

“कसं सांगू? समदी मला खुळी म्हणत हुती. तू बी म्हणली असतीस.”

म्हणाले असते. त्यात काही खोटं नाही.

“आई, राहू दे की,” शशी म्हणाला. “चांगली शिवलीय. कशाला उसवायची?”

“तू गप. तो निळ्या पट्ट्यांचा घालायचा आज. मारुतीला जायचंय तो घालून.”

“मावशी, टाका बारीक आहे,” मी म्हणाले. “कापड फाटेल. सगळंच हातात येईल.”

“फाटू दे. एक तरी धड निघंल.”

आणि त्यांनी स्वतःच पोलक्याला अडकवलेली सेफ्टी पिन काढून निळ्या पट्ट्यांचा टाका उचकटायला घेतला. मी बघत राहिले. दाण्याएवढा एकेक टाका. एक निघाला की दुसरा. शशी उकिडवा बसून गमतीनं बघत होता. मी ओसरीच्या खांबाला धरून उभी होते, आणि देवाला एवढंच म्हणत होते की त्यांनी दमावं, कंटाळावं, उद्यावर टाकावं. त्या दमल्या नाहीत.

अर्ध्या तासानं एक बाजू मोकळी झाली. मावशींनी आत हात घातला आणि उरलेले टाके तटातटा तोडत शर्ट ओढला. हातभर चौकोन बाहेर आला.

त्यांनी तो उलटा केला. सुलटा केला. मग गोधडीतल्या लुगड्यांच्या घड्यांमध्ये चाचपलं, जणू बाह्या घसरून आत कुठंतरी गेल्या असतील. काही मिळालं नाही. त्यांनी शेजारचा खाकी उचकटला. आता त्या टाके काढत नव्हत्या, नुसतं फाडत होत्या. तोही चौकोनच.

“बाह्या कुठायत?” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, “मालन, ह्ये कुणी कापलं?”

‘मी कापलं, मावशी.’ एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या. झिंज्या उपटल्या असत्या. शशीनं चार शब्द सुनावले असते, आणि गल्लीभर झालं असतं की मालननं जित्या पोराच्या कपड्यांना कातर लावली. पुढं कुणी गाठोडं घेऊन आलं नसतं. बस, याच्यापलीकडं काय होणार होतं?

“तुम्ही आणलात तेव्हा असेच होते,” मी म्हणाले.

“न्हाई गं. आख्खे हुते.”

“चौकोनच होते मावशी. मी फक्त दोरा भरला.”

“मी कातर हातात धरली न्हाई.”

इथपर्यंत एक वेळ माफ व्हावं. माणूस घाबरतो, खोटं बोलून जातो. पण मावशी ठाम होत्या, शशी आता माझ्याकडं निरखून बघायला लागला होता, आणि मला सुटायचं होतं.

“तुम्हाला तेव्हा भान तरी कुठं होतं?” मी म्हणाले. “घागर घरी ठेवून आडावर येत होतात. कशाला आले म्हणून मला विचारत होतात. आठवतं का? तसंच हेही केलं असेल.”

मावशींचं तोंड उघडं होतं, ते हळूहळू मिटलं. त्यांनी आपल्या दोन्ही हातांकडं बघितलं. आडावरचा तो दिवस त्यांना आठवला, हे मला दिसलं. गल्लीत बाकी कुणी म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं, भांडल्या असत्या. मी म्हटलं होतं.

त्या शशीकडं वळल्या.

“शशी,” त्या म्हणाल्या, “मी तुझी आशा सोडली हुती रं. मला आठवत बी न्हाई. पर सोडली असणार. न्हाईतर कातर कशी लावीन?”

“शर्टच आहेत ना आई. नवे घेऊ,” तो म्हणाला. पण सकाळपासून आई त्याला सांगत होती की एक दिवसही आशा सोडली नाही, आणि आता त्याचा चेहरा उतरला होता. त्यानं चौकोन गोळा केले, गोधडीत गुंडाळले, आणि आईला दंडाला धरून घेऊन गेला. मी त्यांच्या मागं दारापर्यंतसुद्धा गेले नाही.

शशी घर सोडून गेला होता तो शनिवार होता. गोधडी उसवली त्या आठवड्यापासून मावशींनी शनिवार धरला. सूर्य मावळेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. कुणी विचारलं कसला उपास, तर लपवायच्याही नाहीत. “जित्या पोराच्या कपड्याला कातर लावली मी. त्याचा.” आणि वर म्हणायच्या, “मालननं तोंडावर सांगितलं म्हणून कळलं तरी. न्हाईतर मी पोराला खोटंच सांगत बसले असते.”

हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. एकदा नाही, किती वेळा. माझ्याच ओसरीत, माझ्याच हातचा चहा पिणाऱ्या बायकांना त्या सांगायच्या, आणि मी सुईत दोरा ओवत बसायची.

सांगेन, सांगेन म्हणत बारा वर्षं काढली मी. शशी गॅरेजात लागला, त्याचं लग्न झालं, मुलं झाली. सुधीर दहावीला आहे, आत्ता नको. सासूबाई आजारी आहेत, आत्ता नको. कारणांना काय तोटा?

मग एका शनिवारी मावशी भाजीबाजारात चक्कर येऊन पडल्या. साखर फार वाढली होती. डॉक्टरांनी सांगितलं, उपास बंद, पाणी तर अजिबात तोडायचं नाही. पुढच्या शनिवारी दुपारी शशीची बायको वैजू माझ्याकडं आली.

“काकू, आज परत पाणी घेतलेलं नाही त्यांनी. आमचं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. तुमच्या शब्दाला मान आहे त्यांच्याकडं.”

मी गेले. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, ओठ पांढरे पडलेले. घरात दुसरं कुणी नव्हतं, वैजू मुद्दामच मागं राहिली होती. मी त्यांच्यासमोर बसले, आणि बारा वर्षं घोकलेलं ते वाक्य एकदाचं तोंडातून बाहेर पडलं.

“मावशी, कातर मी लावली.”

त्यांनी डोळे उघडले.

“शर्ट आख्खे होते. तुम्ही म्हणालात तसेच. मला शंकरपाळी घालायची होती, सुई जाईना, म्हणून मी बाह्या कापल्या. तुमची घडी बघूनसुद्धा कापल्या. चिंध्या बंबात घातल्या. बटणं काढून सुधीरच्या शर्टांना लावली.” मी रडत होते, शब्द एकात एक अडकत होते. “तुम्ही काही केलेलं नाही मावशी. तुम्ही एक दिवससुद्धा आशा सोडली नव्हती. मी खोटं बोलले. आता तो उपास सोडा, माझ्यासाठी सोडा.”

मावशी माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी हात लांब करून माझा गाल पुसला. आणि हसल्या.

“वैजूनं धाडलं व्हय तुला?”

“वैजूनं धाडलं, पण हे खरं आहे. देवाशप्पथ.”

“शप्पथ नगं घेऊस गं. खोट्यापायी देव कशाला मधी आणतीस?”

“मावशी, बटणं दाखवते तुम्हाला. एका शर्टाची अजून आहेत घरी.”

“बटणं काय, समदी सारखीच.” त्या परत हसल्या. “तुला खोटं बोलायचं जमत न्हाई मालन. तोंड बघ कसं झालंय. जन्मात कधी केलं न्हाईस, आज माझ्यापायी करतीस.” त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला. “त्या दिवशी दुसरी कुणी असती तर माझं मन राखलं असतं. तू राखलं न्हाईस. त्येचं मला लई मोठं वाटतं. आता माझं पाप तू अंगावर घेऊ नगंस, बाई.”

मी परत सांगितलं. परत परत सांगितलं. त्या लहान पोराचं ऐकावं तसं ऐकत होत्या, मान डोलावत होत्या. शेवटी भिंतीला धरून उठल्या, माझ्यासाठी चहा टाकला, आणि मी पिते की नाही बघत समोर बसून राहिल्या. त्यांच्या स्वतःच्या पोटात सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता. मी तो चहा प्याले.

त्यानंतर मावशी चार वर्षं होत्या. एकही शनिवार त्यांनी चुकवला नाही.